फटीची लांबी

मोबाइल उघडला की बोर्डाच्या कडेने तांदळाच्या कणीएवढ्या सोनेरी पत्त्या दिसतात. आम्ही दुरुस्तीवाले त्यांना नुसतं ‘स्प्रिंग’ म्हणतो. काही अँटेनाला जोडतात, बाकीच्या बोर्डाचं ग्राउंड धातूच्या फ्रेमला टेकवून ठेवतात. गिऱ्हाइकाला त्या कधी दिसत नाहीत. माझा मात्र त्यांच्यावर फार जीव आहे.

आमच्या शिराळ्याची हवा त्यांना मानवत नाही. मे महिन्याच्या अखेरीला धूळवाफेची पेरणी, मग चांदोलीकडून येणारा पाऊस. आरळा-मणदूरकडचे फोन आधी धूळ घेऊन येतात, नंतर ओल. स्प्रिंग बहुधा बेरिलियम-तांब्याची किंवा फॉस्फर-ब्राँझची, वर निकेल आणि सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की तांब्यावर हिरवट थर धरतो. फोन चालू असतो, पण रेंज येते-जाते, स्पीकर घरघरतो.

या कामात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की बोर्ड आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीतून होणारी रेडिओ लहरींची गळती फटीच्या रुंदीपेक्षा लांबीवर ठरते. कागद जेमतेम जाईल एवढी फटही अर्ध्या तरंगलांबीइतकी लांब झाली की स्वतःच अँटेनासारखी वागते. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर, म्हणजे 6 सेंटिमीटरची फट पुरे. फोन त्याहून लांबच असतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर स्प्रिंग ठेवून फट तोडायची. मधली एक काढली की दोन आखूड फटींची एक लांब फट होते. ‘एक नसली तर काय बिघडतं?’ असं शिकाऊ पोरानं विचारलं की मी पट्टी घेऊन हेच मोजून दाखवतो.

रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पुणे जिल्ह्यातल्या खोडदला उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातले अतिक्षीण संकेत टिपतात. तिथं जवळच्या एका मोबाइलचा गोंगाटही जड जातो. गळती रोखण्याचं मोल तिथं कळतं.

माझ्या व्यवसायबंधूंना एक कळकळीचं सांगणं: स्प्रिंग कानशीनं किंवा पॉलिशपेपरनं घासू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि मुलामाही जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा. दबून बसलेली पत्ती वर येत नसेल तर नवीच लावा. आणि फोन दुरुस्तीला देणाऱ्यांनी झाकण लागण्याआधी एवढं जरूर विचारावं: सगळ्या स्प्रिंगा आणि शिल्डं, म्हणजे बोर्डावरची लहरी अडवणारी धातूची आवरणं, जागेवर बसली का?