पाठमोरी माणसे

नाशिक शहर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. आंघोळीचे पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब एके काळी येथील घरोघरी असे. त्याच्या पोटात निखारे आणि भोवती पाणी. आगीच्या बंबाची तऱ्हा नेमकी उलटी. त्याच्या पोटात पाणी, आणि आग बाहेर, कोणाच्या तरी घराला लागलेली. ह्या दुसऱ्या बंबाची पितळी घंटा घणघणू लागली की गल्लीतील मुले हातचा खेळ टाकून धावत. त्यांच्या मागोमाग, आणि पुष्कळदा त्यांच्याही पुढे, आणखी एक माणूस धावत असे. त्याच्या गळ्यात कॅमेरा असे.

ही गोष्ट साठसत्तर वर्षांपूर्वीची. नाशकात ‘गांवकरी’सारखे दैनिक आवडीने वाचले जात होते, परंतु जिल्ह्याच्या गावी वृत्तपत्रात छायाचित्र येणे ही अजून अपूर्वाई होती. पगारी छायाचित्रकार ठेवणे सर्वांना परवडण्यासारखे नव्हते. ते काम बहुधा गावातला एखादा स्टुडिओवाला करी. एरवी तो नवरानवरीची, मुंजीच्या बटूंची आणि परीक्षेच्या अर्जासाठी लागणारी छायाचित्रे काढण्यात गुंतलेला असे. रंगविलेल्या बागेच्या पडद्यापुढे माणसांना बसवून ‘हलू नका’ म्हणणे, हा त्याचा धंदा. आगीपुढे मात्र कोणी हलायचे थांबत नसे!

आज खिशातल्या फोनने शंभर छायाचित्रे घेतली तरी कोणी हिशेब विचारीत नाही. त्या काळी प्रचारात असलेल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच छायाचित्रे मावत. कॅमेरा छातीशी धरून वरून काचेत डोकवावे लागे आणि तेथे उजवी बाजू डावीकडे दिसे. रात्रीच्या उजेडासाठी लावलेला फ्लॅशचा बल्ब एकदा लखकन पेटला की कायमचा निकामी होई. तो इतका तापे की घाईने काढताना बोटे पोळत. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी त्याला थांबावे लागे, पाहावे लागे. घाईच्या जागी जाऊन घाई न करणे, हे त्याच्या विद्येचे मर्म होते.

जुन्या नाशकातील वाडे सागवानी लाकडाचे. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, जिनेही लाकडाचेच. गल्ल्या अशा अरुंद की बंब तोंडाशीच अडावा. मग जवान नळी खांद्यावर घेऊन आत धावत. पाणी सुटले की तिला असा जोराचा झटका बसतो की ती एकट्याला आवरत नाही. दोघे-तिघे तिला कवटाळून उभे राहतात. त्यांची तोंडे अर्थातच आगीकडे. छायाचित्रकार त्यांच्या मागे. समोर ज्वाळांचा लखलखाट असल्यामुळे फिल्मवर त्यांच्या केवळ काळ्या आकृती उमटत. रुंद खांदे, शिरस्त्राण, रोवलेले पाय. नाक कसे, डोळे कसे, काही कळू नये. स्टुडिओत हेच छायाचित्र असे निघाले असते तर गिऱ्हाइकाने पैसे दिले नसते.

पोलिसांचीही तीच कथा. नाशिकला पोलिसांचे नावीन्य नाही. पोलिसांचे प्रशिक्षण विद्यालय १९०९ मध्ये येथे आले आणि त्र्यंबक रस्त्यावरील त्याची कवायत अनेक पिढ्यांनी पाहिली. कवायतीच्या छायाचित्रात चेहरे स्पष्ट दिसतात. सिंहस्थाच्या छायाचित्रांत ते दिसत नाहीत. दर बारा वर्षांनी येणाऱ्या ज्या पर्वणीसाठी लाखो माणसे दूरदूरहून येतात, तिच्याकडे पाठ करून पोलीस उभा असतो. त्याने पाहायचे असते ते गर्दीकडे. रामकुंडाच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रात म्हणून त्याची पाठच येते आणि तिच्यापलीकडे माणसांचा समुद्र. तो समुद्र एकदा आवरेनासा झाला म्हणजे काय होते, हे नाशिकने २७ ऑगस्ट २००३ रोजी पाहिले. त्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले.

पण छायाचित्रकाराची खरी परीक्षा गोदावरीच्या पुरात होई. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, ह्यावरून नाशिककर पुराचा अंदाज करतात. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले की महापूर आला, असे जुनी माणसे समजतात. छायाचित्रात मारुती आला की पुराची उंची लिहून दाखवावी लागत नाही. सप्टेंबर १९६९ मधील महापुराची छायाचित्रे म्हणूनच आजही बाहेर काढली जातात, आणि २००८ किंवा २०१६ सालच्या छायाचित्रांशेजारी ठेवून ‘तेव्हा पाणी कोठवर होते?’ असा वाद रंगतो.

अशा वेळी काठावरच्या घरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी दोरखंड बांधतात. कमरेइतक्या गढूळ पाण्यात अर्ध्या विजारीतला पोलीस पाय रोवून उभा आहे, त्याच्यापुढे बंबवाला जवान, त्याच्या खांद्यावर कोणाचे तरी पोर, अशी कल्पना करावी. छायाचित्रकाराला ह्याहून चांगली संधी कोणती मिळणार? फिल्मवर दोनच जागा उरल्या आहेत. तेवढ्यात दोराच्या टोकाशी असलेला पोलीस मागे न पाहताच ओरडतो, “अहो, कोणी तरी धरा हो दोर!”

आता काय करावे? कॅमेरा भिजला तर पोटापाण्याचे साधनच गेले. छायाचित्र घेतले नाही, तर उद्या सबंध गावाला हा प्रसंग दिसणार नाही. आणि दोर धरला नाही तर? काठावर इतर पुष्कळ हात असतील, तर त्याने आपले काम करावे, ह्यात गैर काही नाही. बघ्यांच्या गर्दीत तोही एक बघ्याच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे पाहणे हे सर्वांच्या वतीने पाहणे असते. परंतु जवळचा हात त्याचाच असेल, तर कॅमेरा पाठीवर सारून दोर धरण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे पुरातले सर्वांत चांगले छायाचित्र कित्येकदा काढलेच गेलेले नसते. त्याची तक्रार करणारा छायाचित्रकार विरळा.

जी छायाचित्रे निघत, तीही सुखासुखी छापली जात नसत. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन, वाळवून चित्र तयार झाले, की त्याचा ठोकळा करावा लागे. बारीक रेघांची जाळी असलेल्या काचेतून चित्र पुन्हा टिपून त्याचे असंख्य ठिपके करीत आणि ते आम्लाच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावर उठवीत. जुन्या वृत्तपत्रावर भिंग धरले तर जवानाची पाठ लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांची बनलेली दिसते. ही ठोकळ्यांची विद्या नाशिक जिल्ह्यातल्या एका थोर पुरुषाने चित्रपट काढण्याआधी आत्मसात केली होती. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले आणि १९४४ मध्ये नाशकातच निवर्तलेले दादासाहेब फाळके ते हेच.

फाळके गेले त्याच वर्षी, १४ एप्रिल रोजी, मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझविताना अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. युद्धाचे दिवस असल्यामुळे ती बातमीसुद्धा कित्येक दिवस वृत्तपत्रांना मोकळेपणी छापता आली नाही. १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी जवान रांगेने, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहतात.

एरवी छायाचित्राखाली ‘आग विझविताना जवान’ एवढीच ओळ असे. नावे नसत. रात्री अंक छापायला जाण्याच्या घाईत ती विचारणार कोण, आणि नळी सोडून सांगणार कोण?

जुन्या वस्तीतल्या एखाद्या घरी भिंतीवर पिवळे पडलेले असे कात्रण चौकटीत बसविलेले आढळते. आजोबा बंबावर नोकरीला होते, असे घरचे सांगतात. पाहुणा जवळ जाऊन निरखून पाहतो. धूर, ज्वाळा आणि तीन काळ्या पाठी. चेहरा एकही नाही. “ह्यात आजोबा कोणते?” तो विचारतो.

आजी उठते, चष्मा शोधण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि मधल्या पाठीवर बोट ठेवते.