‘छान होतं, काकू’

खाणावळवाल्यांनी गिऱ्हाइकाला काही विचारत बसू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. उष्टं ताट सगळं सांगतं. भाजी टाकली असेल तर ती बिघडली, पोळी पुन्हा मागितली तर ती जमली. माझ्याकडे जेवणारी मुलं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेली, लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याकडची. महिन्याचे पैसे आगाऊ भरतात. त्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘छान होतं, काकू.’ त्यातून मला काय कळणार?

कोणी वाद घातला तर मी कोका-कोलाचा दाखला द्यायचे. या कंपनीने सुमारे २ लाख लोकांना चव देऊन नवं पेय ठरवलं आणि २३ एप्रिल १९८५ ला ते जाहीर केलं. लोक इतके चिडले की ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं. इतक्यांना विचारून हे होत असेल, तर विचारायचं कशाला?

आता मी असं म्हणत नाही. अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने जेवता जेवता अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. नाराज गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात: बोलायचं किंवा निघून जायचं. नायजेरियात रेल्वेला ट्रकची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ज्यांनी रेल्वेला धारेवर धरलं असतं तेच लोक ट्रककडे वळले. तोटा सरकार भरून देत होतं, तक्रार करणारे उरले नव्हते. रेल्वे होती तशीच राहिली. ऐकताना माझ्या डोक्यात एकच आलं. ताट बोलतं ते जेवायला आलेल्याचं. जो येईनासा झाला, त्याचं ताट माझ्यासमोर येतच नाही.

आमच्याकडे खाड्यांची वही असते. मुलगा जेवायला आला नाही की खाडा मांडायचा आणि महिनाअखेरीला हिशेब करायचा. ती वही मी पैशांसाठी उघडत असे. आता नावांसाठी वाचू लागले. रात्रीचे खाडे ठरावीक मुलांचेच वाढत होते, अभ्यासिकेतून उशिरा येणाऱ्यांचे. त्यांना ‘जेवण कसं आहे’ असं न विचारता मी विचारलं, ‘नऊनंतर आलात की ताटात काय कमी पडतं?’ तेव्हा मात्र मुलं बोलली. आमटी तोवर पातळ झालेली असते, पोळ्या गार आणि वातड. बरं, ही मुलं ताट चाटूनपुसून स्वच्छ करत होती! भूक लागलेली, पैसे भरलेले, टाकणार कोण? रिकाम्या ताटाचा अर्थ मी समाधान असा लावत होते. तिथे नाइलाजही असू शकतो.

कोका-कोलाची गोष्टही आता मला वेगळी दिसते. दोन घोटांत कोणती चव आवडली, एवढंच घोटभर चाखून कळतं. नेहमीचं पेय नाहीसं झालं तर माणसाला काय वाटेल, हे त्या घोटात नव्हतंच. लोकांनी विचारलं त्याचंच उत्तर दिलं होतं.

कोण विचारतं, यालाही महत्त्व आहे. घरापासून लांब राहणारं पोर काकूंच्या तोंडावर ‘मीठ जास्त झालं’ म्हणत नाही. वाढणाऱ्या मावशींना मात्र ते सहज सांगतं, म्हणून रोजचं विचारणं मी त्यांच्याकडे दिलं आहे. आणि पुढच्या महिन्याचे पैसे न भरणाऱ्याशी मी स्वतः बोलते. त्याला आता माझी मर्जी राखायची नसते, तो मोकळेपणाने बोलतो. ते ऐकणं सोपं नसतं. पण स्वयंपाकघरात सर्वाधिक उपयोग त्याच बोलण्याचा होतो.

रात्रीच्या दुसऱ्या पंगतीसाठी आता कणीक वेगळी मळून ठेवतो आणि आमटीचं वेगळं पातेलं चढतं. गॅस जास्त लागतो, मावशींना उशिरापर्यंत थांबावं लागतं, त्याचे पैसे त्यांना वाढवून दिले. मागितलेलं सगळं देता येतं असं नाही. आठवड्यातून दोनदा पनीर हवं म्हणणारे पुष्कळ आहेत. सध्याच्या दरात ते बसत नाही, आणि दर वाढवला तर काहींना एका वेळचा डबा बंद करावा लागेल. हा हिशेब मी दाराजवळच्या फळ्यावर लिहिला आहे, आणि त्याखाली मुलांना त्यांचं म्हणणं लिहायला जागा सोडली आहे.