कितव्या थरातली ओवी?

पैठण आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मी येथूनच सुरुवात करतो. अस्सल ओवी ओळखायची कशी, हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न. त्यावर विचार करण्याची एक वाट मला सांख्यिकीत सापडली.

कागदावर पुष्कळ ठिपके विखुरले आहेत, अशी कल्पना करावी. त्यांचे केंद्र सरासरीने काढले, तर एकच भरकटलेला ठिपका ते आपल्याकडे ओढून नेतो. दुसरी रीत अशी : सर्वांभोवती दोरा ताणून बांधावा, दोऱ्याला टेकलेले ठिपके काढावेत, पुन्हा दोरा बांधावा. कांदा सोलावा तसे थर सुटतात आणि गाभा उरतो. भरकटलेला ठिपका पहिल्याच थरात गळतो. एखाद्या विक्षिप्ताला न बधणाऱ्या अशा रीतींना सांख्यिकीत ‘रोबस्ट’ म्हणतात. २०२० मध्ये जेफ काल्डर आणि चार्ल्स स्मार्ट यांनी सिद्ध केले, की यदृच्छेने पडलेल्या ठिपक्यांची संख्या अमर्याद वाढत गेली, तर हे थर एका आंशिक अवकल समीकरणानुसार आत सरकतात : कड अधिक वळलेली असेल तेथे वेगाने, ठिपके दाट असतील तेथे सावकाश.

दामोदर कोसंबी स्वतः गणिती. भर्तृहरीच्या त्यांच्या १९४८ च्या चिकित्सक आवृत्तीतली रीत वेगळी असली, तरी वृत्ती मला हीच दिसते. सर्वसाधारणपणे सगळ्या पाठपरंपरांत आढळणारे २०० श्लोक पहिल्या गटात, १५२ संशयित दुसऱ्यात, आणि तुरळक पोथ्यांत भेटणारे ५०० तिसऱ्यात. एका पोथीची लहर गाभ्यापर्यंत पोचत नाही. तरीही तिसरा गट त्यांनी छापला.

मला मोल वाटते ते याचे. नाथांच्या शुद्ध पाठावरून गळाले काय, हे कळत नाही. भाविकांना एकच ग्रंथ हवा होता. अभ्यासकाला थर हवे असतात. शिवाय गाभा सांगतो ती लेखनिकांची सहमती. कवीचा हात त्यापलीकडे राहतो. सगळेच लेखनिक मिळून चुकले असतील, तर ही रीत ते ओळखू शकत नाही. म्हणून ‘खरी की खोटी’ याऐवजी ‘कितव्या थरातली’ असे विचारा, असे मी वर्गात सांगतो. तिसऱ्या गटातला श्लोकही कुणीतरी भर्तृहरीचा म्हणूनच उतरवून घेतला होता.