आबांचा दुसरा कॅन

मागच्या सेमच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, "भरलेला ट्रक लांब घाटातून नुसत्या ब्रेकवर का उतरवू नये?" मी लगेच सांगितलं, "सारखा ब्रेक दाबला की ड्रम आणि लायनिंग तापतात, घर्षण कमी होतं, ब्रेक लागेनासे होतात. म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी रोखू द्यायची." सर म्हणाले, "पुस्तक चांगलं वाचलंय!"

पुस्तक कुठलं? हे मला आमच्या आबांनी शिकवलं होतं.

आबा म्हणजे साताऱ्याचे आमचे शेजारी. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढले. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा आबा २० वर्षांचे, म्हणजे आज माझ्याएवढेच. लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत. खोदून विचारलं तर एवढंच, "समोर पण कुणाची तरी पोरंच होती गं."

पेन्शनवर आल्यावर त्यांनी ट्रक धरला. केबिनमध्ये पाण्याचे कायम दोन कॅन. एक आपल्या गाडीला आणि दुसरा खंबाटकी घाटात इंजिन तापून उभ्या राहिलेल्या कुठल्याही अनोळखी ड्रायव्हरला. उशीर झाला म्हणून मालकाची बोलणी खायचे, पण थांबायचेच. "ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरायचं, आणि अडलेल्याला सोडून जायचं नाही," हे त्यांचे दोन नियम.

मी पाचवीत असताना एकदा धो धो पाऊस, आणि स्कूलव्हॅन आलीच नाही. आबा ट्रक घेऊन कॉन्व्हेंटच्या गेटवर हजर! शर्टाला ग्रीस, पायात चिखल. मैत्रिणीने विचारलं, "हू इज ही?" मला लाज वाटली. मी म्हटलं, "अवर ड्रायव्हर."

आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'ड्रायव्हर' कळायला इंग्रजी कशाला लागतं? ते काहीच बोलले नाहीत. माझं दप्तर स्वतःच्या मिलिटरीच्या रेनकोटात गुंडाळलं आणि घर येईपर्यंत मला क्लच, गिअर, ब्रेक समजावत राहिले. मेकॅनिकलला यायचं माझं तिथेच ठरलं असावं.

गेल्या दिवाळीनंतर आबा गेले. इथे सबमिशन चालू होतं, मी गेले नाही. "आबा, सॉरी" म्हणायचं राहूनच गेलं...

परवा मेसमधून येताना फर्स्ट इयरची एक मुलगी जिन्यात एकटी रडताना दिसली. सकाळी माझा पेपर होता, म्हणून मी तशीच पुढे गेले. चार पायऱ्या चढल्यावर आबांचा तो दुसरा कॅन आठवला. परत फिरले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

पेपर काही फार बरा गेला नाही. असो!