माळ्यावरची दिवाळी

चिपळूण स्टेशनावरून गुहागरची एस. टी. धरली, की पुढे सुमारे ४५ किलोमीटरांचा रस्ता. रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी ही गावे मागे पडतात, मोडका आगर ओलांडला की गाडी उतरणीला लागते आणि नारळी-पोफळींच्या शेंड्यांवरून समुद्राची निळी रेघ दिसू लागते. इथे गाडीतली सगळी चाकरमानी मंडळी खिडकीकडे झुकतात. आमचे वडील लहानपणी बोटीने दाभोळला उतरून, खाडी ओलांडून घरी येत. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग सुरू झाली आणि पहाटे मुंबई सोडलेला माणूस दुपारच्या पंक्तीला घरी पोचू लागला.

गुहागर हे लांबीने वाढलेले गाव आहे. समुद्राला समांतर असा एकच मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, मध्ये व्याडेश्वराचे देऊळ, वरच्या पाटात दुर्गादेवी. पश्चिमेकडच्या घरांचे भाग्य मोठे. पुढल्या दारी रस्ता आणि मागल्या दारी समुद्र. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, विहीर, मग आगर, सुरूची झाडे आणि शेवटी वाळू, असे एकेक ओलांडीत माणूस थेट लाटांपाशी जाऊन उभा राहतो.

ह्या सगळ्याच्या डोक्यावर माळा. माजघरावर फळ्या टाकलेल्या आणि चढायला एक कुरकुरणारी शिडी. माळा म्हणजे कुटुंबाची स्मरणशक्तीच. फरक एवढाच, की ती कधी झाडलेली नसते. शहरात नको झालेली वस्तू केराच्या डब्यात जाते. कोकणात ती ‘कधीतरी लागेल’ म्हणून माळ्यावर जाते आणि तीन पिढ्या वाट पाहत बसते.

गेल्या दिवाळीत आम्हा चार भावंडांची बिऱ्हाडे, लहानथोर मिळून सतरा माणसे, हा माळा उतरवायला जमली होती. कारण होते काकू. ब्याऐंशी वर्षांची ही आमची धाकटी काकू काकांच्या मागे घरात एकटीच राहत होती. “तुळशीचं लग्न झालं की मी ठाण्याला मुलीकडे येते,” असे तिनेच कळवले. घर विकायचे नव्हते. पण बंद घराचे काय होते, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. जांभ्याच्या भिंती ओल धरतात. पावसाळ्याआधी कौले चाळली नाहीत तर एखाद्या फुटक्या कौलातून थेंब येतो आणि थेंबामागून वाळवी येते. पणजोबांचा पलंग आणि सरपण ह्यांतला फरक वाळवीला कळत नाही.

धनत्रयोदशीला सकाळी काकू ओटीवर खुर्ची टाकून बसली आणि तिने कायदा सांगितला. “वर काय आहे ते एकेक खाली आणा. काय आहे ते मी सांगेन, मुलांनी ऐकायचं. ज्याला हवं त्याने न्यावं, पण नेईल त्याने वापरायचं. दिवाणखान्यात मांडायला न्यायचं असेल तर हात लावू नका. मांडायला माळा काय वाईट होता?”

दादाने आणलेल्या कोऱ्या वहीत माझ्या पुतणीने यादी लिहायला घेतली.

पहिल्यांदा उतरले इरले. मुलांना ती उलटी होडी वाटली. पानांनी आणि बांबूने विणलेले हे इरले पाठीवर घेऊन भाताची लावणी करतात, वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात, हे काकूने उठून, स्वतः वाकून दाखवले. मग रहाटाचे मातीचे लोटे आले. आगराचे शिंपणे आता विजेच्या पंपावर होते. बैलाच्या मागे फिरत रहाट चालवल्याची आठवण दादाच्या पिढीपाशी संपते. मग शेर आणि पायली. चार शेरांची एक पायली, हे गणित मुलांना नवे होते. दशमान मापे देशभर सक्तीची झाली ती १९६२ साली. पण आमच्या आजीने शेवटपर्यंत तांदूळ किलोने मोजला नाही. शेर थोरल्या सूनबाईंनी घेतला. ठाण्याच्या फ्लॅटात हल्ली कुकरचा भात त्यानेच मोजतात.

तांब्याचा बंब निघाला तेव्हा मात्र कोणी चर्चा केली नाही. तो चिंचेने घासला गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीत पेटला. नरकचतुर्दशीची आंघोळ, तुळशीपुढे अंगठ्याखाली फोडलेले कारीट, त्याचा कडू थेंब जिभेवर, आणि मग नव्या तांदळाचे पोहे. दुधातले, दह्यातले, गुळाचे, दडपे, फोडणीचे. घाटावर दिवाळी लाडू-करंज्यांनी सुरू होते, आमच्याकडे ती पोह्यांनी सुरू होते.

अमावास्येच्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे नवी केरसुणी आली. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात आणि तिलाच लक्ष्मी म्हणतात, ह्याचे शहरातल्या मुलांना फार हसू येते. पण तीन दिवस माळ्यावरची धूळ खाल्ल्यावर त्या हळदीकुंकवाचा अर्थ त्यांना न सांगता समजला. जुन्या धर्मग्रंथांनी तर ह्या रात्री सुपे वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढायला सांगितले आहे. घर आवरणे हे दिवाळीच्या आधीचे काम नव्हे, ते दिवाळीतलेच एक कर्म आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खारव्याच्या रुमालात बांधलेले मोडी दप्तर सापडले. निम्मे वाळवीने वाचून टाकले होते. “रद्दीत घाला,” दादा म्हणाला. मला इतिहासाचार्य राजवाडे आठवले. वाईस सापडलेल्या अशाच जुन्या कागदांतून त्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली उभे राहिले तेही अशा कागदांच्या ओढीने. काकूने दप्तरावर हात फिरवला. “मला वाचता येत नाही. पण कायदा तोच. वापरील त्याला.” कागद वापरायचा म्हणजे वाचायचा. यादी लिहिणारी पुतणी म्हणाली, “मी शिकते मोडी.” शिमग्यापर्यंत तिने चार पाने लावली. त्यांत पानिपत नाही; सुपाऱ्यांचा, मिठाचा आणि एका लग्नातल्या गुळाचा हिशेब आहे. आम्ही सर्वांनी तो फोनवर तीनतीनदा ऐकला.

पाडव्याला पाळणा उतरला आणि घर गप्प झाले. शिसवी, पितळी कड्यांचा. वडील, काका, आम्ही भावंडे, आमची मुले, सगळी त्यात निजलेली. थोरल्या वहिनींना तो हवा होता, धाकट्या बहिणीलाही हवा होता. आवाज चढले. जुने मानपान, कोणाच्या बाळंतपणाला कोण आले नव्हते, इथवर बोलणे गेले. सतरा माणसांच्या घरात माळ्यावर नुसत्या वस्तूच नसतात.

काकूने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तुमच्यापैकी कोणाकडे मूल निजणार आहे?”

कोणीच बोलले नाही. आमच्या आगराची देखभाल करणाऱ्याच्या सुनेला सातवा महिना होता. काकूने त्याला हाक मारली. “पाळणा घेऊन जा. कडी घट्ट करून घे.” तो संकोचला, वहिनींकडे पाहू लागला. वहिनी क्षणभर थांबल्या. मग उठून त्यांनीच माळ्यावरची जुनी दोरी झटकून त्याच्या हातात दिली. भाऊबीजेच्या ओवाळणीच्या वेळी बहीण त्यांच्या शेजारी बसली होती, ही माझ्या मते त्या दिवाळीची खरी मिळकत.

वापरायला कोणी नाही पण मोडवतही नाही, अशा वस्तूंचा एक लहानसा ढीग उरला : अडकित्ते, वज्री, दिवे. अशाच साध्या जिनसा गोळा करीत दिनकर केळकरांनी जन्म घालवला आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्याचे संग्रहालय केले. वस्तू जपायची तर इतक्या निष्ठेने जपावी. ते ज्याला साधत नाही, त्याने ती दुसऱ्याच्या हाती द्यावी.

काकू तुळशीच्या लग्नानंतर ठाण्याला आली. घरात तिने मुद्दाम काही गोष्टी ठेवल्या आहेत : जाते, पाटा-वरवंटा, बंब, एक समई आणि जेवायचे अठरा पाट. माजघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक बिऱ्हाडाने आपला पंधरवडा लिहिला आहे. मे महिन्यात कौले चाळायची पाळी माझी होती. माळ्यावर चढलो तेव्हा वर काहीच नव्हते. त्यामुळे फुटके कौल लगेच दिसले.