मौनाची आज्ञा कुठवर?

पंडिता रमाबाई १८८४ ते १८८६ या काळात इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना तिथे निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी त्याला हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर रोखठोक आहे. आपण किंवा आपल्या आईने पुरुषांना शिकवले, तेव्हा आपल्या वडिलांनी आणि पतीने कधी आक्षेप घेतला नाही. मग इंग्रज ख्रिस्ती माणसांनी तो का घ्यावा, याचे त्यांना नवल वाटले. कलकत्त्याच्या विद्वत्सभेने १८७८ मध्ये जिला ‘पंडिता’ म्हणून गौरवले, ती बाई १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ज्या चर्चमध्ये आली, तिथे तिच्या विद्येला कुंपण घालण्याची भाषा सुरू झाली होती. त्याच सुमारास त्याच चर्चच्या संस्था अविवाहित इंग्रज स्त्रियांना शिक्षिका आणि प्रचारिका म्हणून हिंदुस्थानात पाठवत होत्या. बायबलच्या अर्थमीमांसेचा अभ्यास करताना मला हा विरोधाभास सर्वात महत्त्वाचा वाटतो. स्त्रीने गप्प राहावे, पुरुषावर अधिकार गाजवू नये, ही शास्त्राची स्पष्ट आज्ञा आहे असे सांगणारा अर्थ कधीही, कुठेही पूर्णपणे पाळला गेलेला नाही. आज्ञा कुठे लागू होते आणि कुठे संपते याची रेषा सतत सरकत राहिली आहे. ती कुठे थांबते हे पाहिले की तिचा संबंध शास्त्राशी किती आणि सत्तेशी किती, हे कळू लागते.

वादाच्या मुळाशी असलेली वचने मोजकीच आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय स्त्रीला शिकवण्याची आणि पुरुषावर अधिकार चालवण्याची मनाई करतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे येते. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नीने पतीच्या अधीन असावे, असे सांगितले आहे. एवढ्या आधारावर व्यासपीठ, प्रभुभोजनाचे मेज आणि घर या तिन्ही ठिकाणच्या अधिकाराची वाटणी केली जाते. पण तीमथ्याच्या त्याच अध्यायात, मनाईच्या तीन ओळी आधी, स्त्रियांनी केस गुंफू नयेत, सोने-मोती आणि महागडी वस्त्रे घालू नयेत असेही आहे. गळ्यात सोन्याची साखळी घालून प्रार्थनेला आलेल्या बाईला कुणी दारात अडवत नाही, आणि अडवूही नये. करिंथकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या, संदेश सांगणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे असे आहे. म्हणजे ती मंडळीत बोलते हे पौलाने तिथे गृहीतच धरले आहे. तीन अध्यायांनंतर येणारी गप्प राहण्याची आज्ञा या गृहीताशी जुळत नाही. शिवाय त्या दोन ओळी काही प्राचीन हस्तलिखितांत वेगळ्याच जागी, अध्यायाच्या शेवटी सापडतात. त्या मुळात पौलाच्या होत्या की नंतर समासातून आत आल्या, यावर विद्वानांचे एकमत नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही. त्या ओळी पौलाच्याच मानल्या तरी एकाच अध्यायातली अर्धी आज्ञा त्या काळापुरती आणि उरलेली अर्धी सर्वकाळची, हे कुणी आणि कोणत्या निकषावर ठरवले, हा प्रश्न उरतोच.

या निवडीचा सर्वात ठळक दाखला अमेरिकेत आहे. इफिसकरांस पत्रात पती-पत्नी, आईबाप-मुले आणि मालक-गुलाम अशा तीन जोड्यांना एकामागून एक उपदेश येतो. पत्नींनो अधीन व्हा, आणि थोड्या ओळींनंतर, दासांनो धन्यांची आज्ञा पाळा. तिन्ही उपदेश एकाच प्रवाहात आहेत. त्यांच्या आधी एकमेकांच्या अधीन व्हा असे सर्वांना उद्देशून म्हटले आहे, ते मात्र उद्धृत करताना बहुधा गळते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संस्था १८४५ मध्ये स्थापन झाली ती गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमता यावे की नाही या वादातून. तिच्या संस्थापकांच्या पिढीने गुलामगिरीच्या समर्थनासाठी हीच वचने वापरली. १९९५ मध्ये संस्थेने त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. मग तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, तिने आपल्या विश्वासनाम्यात पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे कलम घातले, २००० मध्ये पाळकपद पुरुषांपुरते राखले, आणि २०२३ मध्ये स्त्रीला पाळकपद दिल्यावरून कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या मोठ्या मंडळीला बाहेर काढले. एकाच पत्रातला एक उपदेश इतिहासजमा झाला आणि शेजारचा शाश्वत ठरला. दासांविषयीच्या वचनाचा अर्थ बदलला तो गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी, त्यांत स्वतः गुलाम असलेल्यांनी, बायबल हातात घेऊन प्रश्न विचारला म्हणून. स्त्रिया तोच प्रश्न तीच पद्धत वापरून विचारतात, तेव्हा ती पद्धत अचानक धर्मबाह्य कशी होते?

परदेशी मिशनच्या कामात ही रेषा आणखी स्पष्ट दिसते. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. तिच्यानंतर शेकडो स्त्रिया आल्या. त्यांच्याबरोबर मराठी मुलुखात ‘बायबल वुमन’ हा वर्ग तयार झाला. या ख्रिस्ती बायका गावोगाव हिंडून वचने वाचत, अर्थ सांगत, आजाऱ्यांपाशी प्रार्थना करत. उपदेश म्हणजे दुसरे काय? नाव मात्र वेगळे, मान वेगळा, आणि दीक्षा नाही. जिथे श्रम होते, ऊन होते, अपमान होता, तिथे स्त्रीच्या बोलण्याला शास्त्र आड आले नाही. व्यासपीठाच्या पायरीशी ते आड आले. रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडून १९१९ मध्ये देह ठेवला, आणि पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाई टिळकांनी रचून पुरा केला. येशूचे चरित्र ओवीबद्ध करणे हे शिकवणेच आहे, आणि ते वाचणाऱ्यांत पुरुष होतेच. त्यामुळे तीमथ्याच्या पत्राचा भंग झाला अशी तक्रार कुणी करत असेल, तर ती करणाऱ्याने आधी ‘ख्रिस्तायना’तली पाने कुठून फाडायची ते सांगावे.

या सगळ्याला एक गंभीर उत्तर दिले जाते, आणि त्याचा मान राखला पाहिजे. दागिने, पदर, गुलामी या त्या समाजाच्या चालीरीती होत्या. पण स्त्रीच्या शिकवण्यावरची मनाई पौल निर्मितीच्या क्रमावर उभी करतो, आदाम आधी घडवला, मग हव्वा. म्हणून ती कालातीत आहे, असा हा युक्तिवाद. अमेरिकेत १९८७ च्या डॅनव्हर्स निवेदनापासून पुरुषाच्या प्रमुखपदाचे जे समर्थन मांडले जाते, त्याचा कणा हाच आहे. माझे म्हणणे असे की पौल निर्मितीचा आधार मस्तक झाकण्याच्या आज्ञेलाही देतो. पुरुष स्त्रीपासून नव्हे तर स्त्री पुरुषापासून झाली, हे तो अकराव्या अध्यायात त्याच कारणासाठी सांगतो. तरीही पदराची सक्ती बहुतेक चर्चनी सोडून दिली. म्हणजे निर्मितीच्या आधाराने आज्ञा कालातीत होते हा नियम खुद्द तो मांडणारेच पाळत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पौल तिथेच स्वतःला आवर घालतो. प्रभूमध्ये कुणीच दुसऱ्यावाचून नाही, स्त्री पुरुषापासून झाली तसा पुरुषही स्त्रीपासून जन्मतो आणि सारे देवापासून आहे, असा त्याचा आशय आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर आणि नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे आहेत. पुरुषाची सत्ता प्रथम तिसऱ्या अध्यायात येते, आज्ञाभंगानंतर, प्रसूतिवेदना आणि काटेकुसळांच्या सोबतीने. शेतातले तण उपटणे म्हणजे देवाच्या शापाला विरोध, असे कोणी मानत नाही. १८४७ मध्ये जेम्स यंग सिम्पसन याने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून त्याला पुस्तिका लिहावी लागली होती. आज तो वादही कुणाला आठवत नाही. त्या तिन्ही परिणामांपैकी फक्त पुरुषाची सत्ताच जपण्याजोगी ईश्वरी व्यवस्था कशी ठरली, याचे समाधानकारक उत्तर मला अजून वाचायला मिळालेले नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो: हे सगळे पाश्चात्त्य स्त्रीवादाचे खूळ आहे, बायबलवर बाहेरून लादलेले. हे कालक्रमालाच धरून नाही. एलिझाबेथ केडी स्टॅंटन यांचे ‘द वुमन्स बायबल’ १८९५ मध्ये आले, त्याच्या दहा वर्षे आधी रमाबाईंनी चर्चच्या अधिकाराशी पत्रांतून झुंज दिली होती. मार्गारेट फेल या क्वेकर स्त्रीने बायकांच्या बोलण्याच्या समर्थनार्थ १६६६ मध्येच पुस्तिका छापली होती. आणि चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्टमला कोणी स्त्रीवादी म्हणणार नाही. पण रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हणून जिचा उल्लेख येतो, त्या युनियाची त्याने स्त्री म्हणूनच स्तुती केली आहे. पुढच्या शतकांत तिचे नाव पुरुषी करून वाचले गेले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी ते पुन्हा स्त्रीचे करून दिले. म्हणजे लादणे झाले ते उलट दिशेने. त्याच अध्यायाच्या आरंभी किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फिबी हिची पौल शिफारस करतो. कॅथॉलिक मिस्साच्या वाचनक्रमात हा अध्याय तिसऱ्या ओळीपासून सुरू होतो आणि फिबीच्या दोन ओळी ऐकणाऱ्यांच्या कानी पडत नाहीत. मग्दालेना मरियेचेही तसेच. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना प्रथम तिने सांगितली, पण सहाव्या शतकात पोप ग्रेगरीने तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या अनामिक पापी स्त्रीशी एकरूप केले आणि पश्चिमेने तिला तशीच रंगवली. २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. इथे स्त्रीवादी अभ्यासकांनाही एक गोष्ट बजावायला हवी. येशूला स्त्रियांचा कैवारी ठरवण्यासाठी त्या काळच्या यहुदी धर्माला काळा रंग फासण्याची सवय आमच्या लेखनात फार आहे; ज्युडिथ प्लास्को या यहुदी विदुषीने तिच्यावर १९७० च्या दशकातच बोट ठेवले. योशीया राजाच्या काळी सापडलेल्या नियमशास्त्राविषयी देवाचा कौल विचारायला महायाजक हुल्दा या संदेष्ट्रीकडे गेला होता, हे यहुदी शास्त्रच सांगते.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूकडूनच येतो आणि तो मला सर्वात अस्वस्थ करतो. स्त्रीवादी विचारवंत मेरी डॅली यांनी चर्चची वाटच सोडली. हा ग्रंथ मुळातच पुरुषसत्तेचा आहे, त्यातून चांगले अर्थ वेचत बसणे म्हणजे तुरुंगाच्या भिंती रंगवणे, अशा दिशेचा त्यांचा विचार होता. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात लेव्याच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो आणि तिला नावही नाही. ते वाचताना हा विचार खोटा म्हणवत नाही. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात अशा कथांना गोड शेवट जोडण्याचे ठामपणे नाकारले, आणि मला तोच मार्ग प्रामाणिक वाटतो. पण ग्रंथ सोडून दिल्याने त्याची सत्ता सुटत नाही. भारतीय ख्रिस्ती स्त्रियांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्यावर घाव घातला; कायदा बदलायला २००१ उजाडले. त्रावणकोरच्या १९१६ च्या वारसा कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते दिले. मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते बाजूला सारले, तेव्हा केरळातल्या चर्चच्या वर्तुळांतून मोठा विरोध झाला. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि देव म्हणतो, त्यांचे म्हणणे रास्त आहे. विरोध करणाऱ्यांच्या हातातल्या बायबलमध्ये ते पान होतेच. छत्तिसाव्या अध्यायात त्यांच्या कुळातले पुरुष येऊन, या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट घालून घेतात, तेही पान आहे. या दोन्ही अध्यायांवर एकाच बैठकीत प्रवचन व्हावे, आणि ते करणारी बाई व्यासपीठावर उभी असावी, एवढी माझी मागणी आहे.