पीण्याच्या कारखान्यात कानडीची शाळा

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे अशी मजल दरमजल करीत येणारा राजमार्ग तुमकूर मागे टाकून बंगळुरात शिरू लागला, की वाटेत पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. बागा आणि राजवाडे पाहावयास निघालेला प्रवासी येथे सहसा उतरत नाही. परंतु १९७० च्या दशकात वसविलेल्या या वसाहतीतील लहानमोठे कारखाने हजारो कुटुंबांची चूल पेटती ठेवतात. यंत्रांचे सुटे भाग, तयार कपडे, विजेची उपकरणे, किती म्हणून वस्तू येथे घडतात! २०१४ साली मेट्रो येथवर आली. तिच्या ‘पीण्या इंडस्ट्री’ स्थानकावर सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहावे, म्हणजे कानडी, तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया अशा अनेक भाषा एकाच जिन्यावरून उतरताना ऐकू येतात.

माझा एक मावसभाऊ कोल्हापूरहून येथे टर्नर म्हणून आला. लेथचे काम तो आयटीआयमध्ये शिकलेला. कानडीचा मात्र त्याला गंध नव्हता. म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने तो रोज दहा मिनिटे मोबाईलवरील एका ॲपच्या साहाय्याने कानडीचा अभ्यास करीत असे. हा मार्ग त्याला मीच मोठ्या विश्वासाने दाखविला होता, कारण भाषांतर हा माझा व्यवसाय. अशा ॲपने भाषा खरोखर बोलता येते काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र मला पीण्यात मिळाले.

ॲपचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. चूक झाली तरी तेथे हसणारे कोणी नसते. विसरलेला शब्द काही दिवसांनी पुन्हा पुढ्यात येतो. लिपीची भीतीही मोडते. कानडीची वर्णमाला आपल्यासारखीच अ, आ, इ, ई अशी चालते, केवळ ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे तेथे आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ साली ‘भाषा संगम’ नावाचे ॲप काढले. त्यात बावीस भारतीय भाषांतील नित्योपयोगी अशी शंभरावर वाक्ये दिलेली होती. शेजारधर्माची ओळख करून घेण्यास तेवढी वाक्ये खचित उपयोगी पडतात.

परंतु कारखान्यातील पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. चकमध्ये चावी तशीच राहिली असताना माझ्या भावाचा हात लेथच्या बटणाकडे गेला. शेजारच्या यंत्रावरील वयस्क कारागीर ओरडला, “तेगि! तेगि!” मोबाईलने शिकविलेले रूप होते ‘तेगेयिरि’, म्हणजे ‘काढा’. यंत्रांच्या गोंगाटात, त्या आखूड उच्चारात, त्याला तो शब्द ओळखूच आला नाही. कारागिराने धावत येऊन हात धरला म्हणून बरे. एरवी चक फिरताच ती लोखंडी चावी उडून कोणाच्या कपाळी बसली असती, कोण जाणे!

याचे कारण असे, की लिहिण्याची कानडी आणि बोलण्याची कानडी यांत पुष्कळ अंतर आहे. ‘जेवण झाले का?’ हे ग्रंथात ‘ऊट आयिते?’ असते, बंगळुरात ‘ऊट आय्ता?’ होते, तर धारवाडकडील मनुष्य ‘ऊट आतेन्री?’ असे विचारतो. काळाचा हिशेबही पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकास हिंदी, तमिळ किंवा तेलुगू कामकाजापुरती येण्यास वर्गातील सुमारे ११०० तास लागतात असे मानते. रोज दहा मिनिटे धरली तर ही अठरा वर्षे होतात! मराठी माणसास कानडीसाठी इतका काळ खास लागणार नाही. तरीही दहा मिनिटांचे बळ किती, हे त्यावरून कळते.

त्याच कारागिराने मग माझ्या भावास दुपारी आपल्याजवळ जेवावयास बसविले. अट एकच, डबा उघडल्यापासून झाकेपर्यंत कानडीच बोलावयाची. डब्यात तूप निघाले, तो म्हणाला, “तुप्प.” अण्णा आणि अक्का तर दोन्ही भाषांत नांदतच होते. ‘येतो म्हणून सांगितले’ हे वाक्य ‘बर्तीनि अंत हेळिद’ असे त्याच क्रमाने उतरते, हे त्याला भाजीभाकरी खाताना उमगले. दुपारी ऐकलेले शब्द तो रात्री मोबाईलवर शोधून पक्के करू लागला. सहा महिन्यांत तो यंत्राविषयी वाद घालण्याइतकी कानडी बोलू लागला.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी परप्रांतात नोकरीस निघाली असेल, तर मोबाईलवर भाषेचे धडे अवश्य गिरवू द्या. मात्र सोबत एवढे सांगा, की तेथे पोहोचल्यावर जेवणाच्या सुट्टीत आपल्याच भाषेच्या घोळक्यात बसू नकोस.

मागच्या भेटीत मी पाळी सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभा होतो. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कानडी मनुष्यही तसेच म्हणतो. माझा भाऊ त्या कारागिराकडे वळून म्हणाला, “बर्तीनि, अण्णा.” आणि त्याने हसून चक्क मराठीत उत्तर दिले, “ये!”